टायर बदलले आणि रस्ता आखूड झाला

नभोवाणीवर मी आजवर कविता वाचल्या, ईदच्या आठवणी सांगितल्या, एकदा पावसावर बोललो. या वेळी निर्मात्यांचा फोन आला तेव्हा म्हटलं, मला टायरवर बोलायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "कवितेचं नाव आहे का?" म्हटलं, "नाही. टायरच. पिकअप गाडीचे."

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो, आणि दहावीनंतर गणिताशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता राहिला. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळं हिशेबाची वही आपोआप माझ्याकडं आली. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाची डिझेलवर चालणारी पिकअप आहे. आम्ही तासगाव भागातले. द्राक्षाच्या हंगामात गाडी आंबा घाट उतरून कोकणात माल टाकते, एरवी बेदाणा, भाजी, खत, जे मिळेल ते. गाडी किती चालली, डिझेल किती घातलं, हे मी रोज रात्री वहीत लिहितो. या वहीमुळं गावात सगळे मला मास्तर म्हणतात. मी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही.

गेल्या हंगामात या वहीनं एका माणसाला चोर ठरवलं. ती वही माझ्या अक्षरातली होती, म्हणून हे सांगणं भाग आहे.

झालं असं, की भाच्यानं गाडीला मोठे टायर घातले. जुने टायर तीनच महिन्यांचे होते. पण मित्राच्या गाडीला रुंद, खोल नक्षीचे, दणकट टायर पाहिले आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. गाडी उंच दिसते, शेतातल्या चिखलात अडकत नाही, असं त्याचं म्हणणं. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला गाडी कशी दिसते याचं महत्त्व असतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या अण्णानं मात्र आठवड्यातच सांगितलं, "मास्तर, गाडी पयल्यावानी वढत न्हाई." अण्णा म्हणजे आमचा ड्रायव्हर. अकरा वर्षं तोच गाडी चालवतोय. मी हूं म्हटलं आणि वहीत किलोमीटर लिहिले.

महिना संपल्यावर भाच्यानं वही मागितली. आधीच्या महिन्यात गाडी ३,७५० किलोमीटर चालली होती, डिझेल लागलं होतं ३०० लिटर. म्हणजे लिटरला साडेबारा. नव्या टायरच्या महिन्यात वहीत होते ३,६०० किलोमीटर आणि डिझेल ३१८ लिटर. लिटरला ११.३. भाच्यानं मोबाइलवर भागाकार करून दाखवला. "मामू, बघा की. ३,६०० ला साडेबारानं भागलं तर २८८ लिटर लागायला पाहिजेत. तीस लिटर कुठं गेलं?"

मी म्हटलं, टायर बदललेत ना. तो म्हणाला, टायर काय डिझेल पितो का? मला उत्तर देता आलं नाही. अण्णाच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. माणसाच्या मनात एकदा एक धागा आला की दुसरा त्याला आपण होऊन जाऊन मिळतो. रात्री अण्णा गाडी लावायला आला, तेव्हा भाच्यानं वही त्याच्यापुढं ठेवली. अण्णाला वाचता येतं, पण त्यानं वाचलं नाही. गाडीची किल्ली वहीवर ठेवली आणि घरी गेला. मी तिथंच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून पुन्हा वही उघडली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. दोन्ही महिन्यांत खेपा तेवढ्याच होत्या. तीच गावं, तोच घाट, तीच बाजारपेठ. मग ३,७५० चे ३,६०० कसे झाले? दीडशे किलोमीटरचा रस्ता गेला कुठं? डिझेल चोरता येतं हो, पण रस्ता कोण चोरणार?

इथून पुढचं मी गॅरेजवाल्यांकडून, टायरच्या दुकानातून, आणि भूमितीच्या जुन्या पुस्तकातून शिकलो.

गाडीतला किलोमीटर दाखवणारा काटा रस्ता मोजत नाही. त्याला रस्ता दिसतच नाही. तो फेऱ्या मोजतो. चाकाच्या म्हणा, किंवा चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या. एका फेरीत गाडी अमुक इतकी पुढं जाते, हे कारखान्यात एकदा ठरवून टाकलेलं असतं, आणि पुढं आयुष्यभर काटा तोच गुणाकार करतो. ही युक्ती दोन हजार वर्षांची आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुतज्ज्ञ होऊन गेला. त्यानं अशा गाडीचं वर्णन लिहून ठेवलंय. चार फूट व्यासाचं चाक, एका फेरीत साडेबारा फूट, चारशे फेऱ्या झाल्या की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. मैल झाला की वरच्या पेटीतला एक खडा खालच्या भांड्यात पडणार. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. आता समजा त्या गाडीचं चाक कुणी गुपचूप मोठं केलं. गाडी मैलाच्या पुढं जाईल तेव्हा खडा पडेल. मुक्काम तोच राहील, आणि भांड्यात खडे कमी निघतील. माझी वही म्हणजे ते भांडं.

टायरच्या कडेवर जे आकडे असतात, त्यांत सगळं लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही इतकंच. आमच्या जुन्या टायरवर होतं २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! कवितेत असं केलं असतं तर संपादकांनी परत पाठवली असती. तर बघा, १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. कडेची उंची २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे सव्वाएकशे एकसष्ट. ती वर एकदा आणि खाली एकदा. एकूण व्यास साडेसातशे तीन मिलिमीटर. नवे टायर होते २३५/७५ आर १५. भाच्याला वाटलं, रुंदीच वाढली, वीस मिलिमीटर. पण ७५ हे प्रमाण आहे, त्यामुळं रुंदीबरोबर उंचीही वाढते. नव्याचा व्यास झाला साडेसातशे तेहतीस. तीस मिलिमीटरचा फरक, शेकडा चारहून थोडा जास्त.

इथं माझी एक दुरुस्ती करून घ्या. घाईत "साडेसातशे तीन" असं बोलून गेलो. आकड्यांत सांगायचं तर ७०३.५ आणि ७३३.५. माझ्या गणिताची ही अवस्था, आणि याच माणसाच्या वहीवर अण्णाचा न्याय झाला.

कागदावरचं गणित भाच्याला पटेना. मग आम्ही खडू आणि टेप घेतला. टायरवर एक रेघ, तिच्या खाली जमिनीवर एक रेघ. माल भरलेली गाडी सरळ ढकलत नेली आणि चाकाच्या दहा फेऱ्या मोजल्या. अंतर भरलं २२ मीटर ३५ सेंटिमीटर. शेजारच्या गावात तशीच गाडी आहे, कंपनीच्या मूळ टायरवर. तिचं भरलं २१ मीटर ४५. (कागदी व्यासावरून यापेक्षा जास्त यायला हवं होतं. पण ओझ्याखाली टायर जरा दबतो, म्हणून ते थोडं कमी येतं. दोन्हींचं सारखंच कमी येतं, तेव्हा तुलनेला बाध नाही.) दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या दगडांवर खात्री केली. दगडांप्रमाणं पन्नास किलोमीटर झाले, तेव्हा गाडीचा काटा म्हणत होता अठ्ठेचाळीस. ज्यांना दगड शोधायचा कंटाळा, त्यांनी मोबाइलवरचा नकाशा लावून बघावं, तेच दिसेल.

आता वही पुन्हा मांडू. काट्याचे ३,६०० म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ३,७५०. खेपा तेवढ्याच होत्या, रस्ताही तेवढाच होता. ३,७५० किलोमीटरला जुन्या हिशेबानं ३०० लिटर लागायला हवं होतं, २८८ नव्हे. म्हणजे "गेलेल्या" तीस लिटरपैकी बारा लिटर कधी अस्तित्वातच नव्हतं. ते माझ्या भागाकारात जन्मलं होतं.

राहिलं अठरा लिटर. ते मात्र खरंच जळलं. लिटरला नव्वद रुपये धरले, तर महिन्याला सोळाशेवीस रुपये. ते कसं जळलं, हे समजायला मला जास्त वेळ लागला, आणि इथं लोकांच्या बोलण्यात बराच गोंधळ असतो.

पहिली गोष्ट रबराची. रबरी चेंडू हातानं दाबून सोडला, तर तो फुगतो, पण दाबायला जेवढी शक्ती लागली तेवढी सगळी परत देत नाही. थोडी त्याच्या पोटात उष्णता होऊन राहते. टायरचंही तेच. जमिनीला टेकलेला भाग दबतो, पुढं सुटतो, पुन्हा दबतो. लांबच्या खेपेनंतर टायरला हात लावून बघा, तो उगाच गरम झालेला नसतो, ते आपलं डिझेल असतं. माल भरलेल्या तीन टनांच्या गाडीला सपाट डांबरी रस्त्यावर नुसते टायर फिरते ठेवायला, ढोबळमानानं, तीस किलोच्या आसपास ओढ लागते. पन्नास-साठच्या वेगात चाकांपर्यंत पोचणाऱ्या शक्तीतली निम्म्याच्या आसपास यातच जाते, उरलेली वारा कापण्यात. त्यामुळं टायरची ओढ दहा टक्क्यांनी वाढली, तर डिझेलमध्ये चार-पाच टक्के दिसतात. ती वाढते कशानं? व्यासानं नव्हे. उलट मोठं चाक खड्ड्यातून सोपं निघतं, हे बैलगाडी बनवणाऱ्या सुताराला आपल्या आधीपासून ठाऊक आहे. ती वाढते खोल, जाड नक्षीनं. चिखलासाठी केलेले ते रबरी ठोकळे डांबरावर एकेक करून वाकतात आणि सरळ होतात. भाच्यानं घेतलेलं होतं ते नेमकं हेच. मोठ्या टायरला जो दोष दिला जातो, त्यातला मोठा वाटा नक्षीचा असतो, असं माझं मत झालंय.

आणि हवा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. टायर बदलल्यावर किती हवा भरायची, हे नव्यानं विचारायचं असतं. आम्ही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गिअरची, आणि अण्णाचं वाक्य इथं लागू पडतं. मोठं चाक घालणं म्हणजे गाडीचे सगळे गिअर चार टक्क्यांनी वर सरकवणं. सायकलवर मागचं दातेरी चक्र लहान केल्यासारखं. सपाटीला पायडल कमी मारावं लागतं, चढाला मात्र मांड्या भरून येतात. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांत, मिनिटाला दीड-दोन हजारांच्या आसपास चांगला असतो. त्यामुळं मोकळ्या हमरस्त्यावर, हलक्या ओझ्यानं, एकाच वेगात गाडी चालली, तर मोठं चाक कधी कधी फायद्याचंही ठरतं. इंजिन दोन हजारांऐवजी एकोणीसशेवीस फेऱ्यांत तेच काम करतं. पण आमची गाडी जाते आंबा घाटातून, पेट्यांनी भरून. खेप टाकून येतानाही कोकणातनं नारळ, मासळीचं खत असं काहीतरी असतंच, आणि ते चढावर. चाकापाशी मिळणारा जोर चार टक्क्यांनी कमी झाला, की जी वळणं चौथ्या गिअरवर निघत होती, ती तिसऱ्यावर काढावी लागतात. आणि चौथ्यावरून तिसऱ्यावर आलं की इंजिनाच्या फेऱ्या चार टक्क्यांनी नव्हे, तिसऱ्या हिश्श्यानं तरी वाढतात. चौथ्यावरच रेटत ठेवली, तर इंजिन घुसमटतं आणि काळा धूर टाकतं. अण्णाला हे पहिल्याच खेपेत पायाला कळलं होतं. त्याच्याकडं त्याचा आकडा नव्हता, आणि माझ्याकडं नुसता आकडाच होता.

वजनाबद्दल बरंच ऐकायला मिळतं. फिरणाऱ्या चाकाचं वजन दुप्पट मोजायचं, असं सांगतात. त्यात तथ्य आहे. टायरचं वजन काठाला असतं, त्यामुळं वेग घेताना ते पुढंही न्यावं लागतं आणि गरगरवावंही लागतं. पण हिशेब करून बघा. नवा टायर तीन किलोनं जड धरला, तर चार टायरचे बारा किलो, वेग घेताना जास्तीत जास्त चोवीस किलोसारखे. द्राक्षाच्या चार किलोच्या सहा पेट्या झाल्या. अण्णानं एखाद्या बागायतदाराच्या आग्रहाखातर याहून जास्त पेट्या गाडीत कोंबलेल्या मी पाहिल्यात. वाऱ्याचंही आमच्या बाबतीत फारसं नाही, कारण व्यास तीस मिलिमीटरनं वाढला की गाडी फक्त पंधरा मिलिमीटरनं उचलली जाते.

अमेरिकेत हे सगळं मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथल्या डिझेल पिकअप म्हणजे आपल्या लहान ट्रकच. सहा लिटरहून मोठी इंजिनं, फोर्डची, राम गाडीतलं कमिन्सचं. तिथं टायर सरळ इंचांत बोलतात, तेहतीस, पस्तीस, सदतीस. तिथं गाडी हातभर उचललेली असते, म्हणून वाऱ्याचा प्रश्नही खरा होतो. पण ज्यांना समज आहे, ते टायरबरोबर मागच्या आसातले दातेही बदलून घेतात, म्हणजे गेलेला जोर परत मिळतो, आणि गाडीच्या संगणकाला नव्या टायरचं माप कळवतात, म्हणजे काटा खरं बोलतो. आमच्याकडं फक्त टायर बदलले.

आणखी एक बाब, ती माझ्याही ध्यानात नव्हती. टायर झिजत जातो तसं चाक लहान होतं. सहा मिलिमीटर रबर गेलं की व्यास बारा मिलिमीटरनं घटतो, दीड टक्क्याहून जास्त. म्हणजे गुळगुळीत टायरवर काटा जास्त किलोमीटर दाखवतो. अगदी त्याच मापाचे नवे टायर घातले, तरी त्या महिन्यात ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. किती ड्रायव्हरांना असल्या महिन्यात बोलणी बसली असतील, कुणास ठाऊक.

कायद्याचंही सांगून टाकतो. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं माप लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं गाडीत असा बदल करता येत नाही, की नोंदणीतला तपशील आणि कंपनीनं ठरवलेलं माप यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्याबद्दल कडक भूमिका घेतली. शिवाय काटा कमी वेग दाखवतो. साठ म्हणतो तेव्हा गाडी साडेबासष्टनं चाललेली असते, आणि घाटात ब्रेकला ते कळतं. हे ऐकल्यावर भाच्याचा चेहरा उतरला. तीन महिन्यांनी हंगाम संपता संपता त्यानं मूळ मापाचे टायर पुन्हा घातले. त्या महिन्याचं ॲव्हरेज आलं १२.४.

पण त्याच्या आधीचं राहिलं. खडू-टेपचा प्रयोग झाला, त्याच संध्याकाळी आम्ही दोघं अण्णाच्या घरी गेलो. मी कागदावर सगळं मांडून नेलं होतं. बारा लिटर असे, अठरा लिटर असे. अण्णा ओसरीवर लग्नाच्या पत्रिका घालून बसला होता. मी कागद पुढं केला. तो म्हणाला, "मास्तर, मला कशापायी दाखवताय? मला ठावं हाय की मी काढलं न्हाई." भाचा त्याच्या पाया पडला. अण्णानं त्याला उठवलं, पण बोलला नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला, आणि पत्रिकाही दिली. त्यावर आमच्या घराचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

आठ दिवसांनी अण्णा कामावर आला. वहीत मी आता एक रकाना वाढवलाय, खेपांचा. महिन्याच्या शेवटी आधी खेपा बघतो, मग किलोमीटर, मग डिझेल. दरवेळी टाकी काठोकाठ भरूनच हिशेब धरतो. या बाबतीत भाचा माझ्याहून काटेकोर झालाय.

एक फरक मात्र राहिला. पूर्वी पंपावर अण्णा खाली उतरायचा, झाकण उघडायचा, शून्य बघायचा, पैसे देऊन पावती खिशात घालायचा. आता पंप आला की तो गाडी लावतो, इंजिन बंद करतो, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहतो. डिझेल भरायला भाचा उतरतो. भाचा बरोबर नसला, तर अण्णा गाडी पंपावर नेतच नाही. मला फोन करतो, आणि मी सायकल घेऊन निघतो.